गणित साहित्याची पेटी: पहिली-दुसरीच्या वर्गात काय कामी आले आणि काय नाही

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी गणित साहित्याची तयार पेटी विकत घ्यावी का, हा प्रश्न नागपुरातील शिक्षक आणि पालक दर वर्षी जून महिन्यात विचारतात, कारण उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात आणि खरेदीला तेवढी सवड मिळते. मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत पहिली आणि दुसरीला शिकवते. शाळेने घेतलेली अशी एक पेटी संपूर्ण शैक्षणिक वर्ष वर्गात वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की पेटी घेण्याजोगी आहे, परंतु ती मुख्यतः मण्यांची माळ आणि तराजू या दोन वस्तूंसाठी. बाकीच्या वस्तूंपैकी काही बऱ्या आहेत, काही सदोष आहेत, आणि बऱ्याच वस्तूंचे काम घरातील किंवा आठवडी बाजारातील साहित्याने अधिक चांगले होते. दोन-अडीच हजार रुपये खर्च करण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे.

अशा पेट्या अनेक नावांनी विकल्या जातात आणि आतील वस्तू बहुतेक सारख्याच असतात, म्हणून मी कोणत्याही नावाविषयी न लिहिता वस्तूंविषयीच लिहिते. आमच्या पेटीत शंभर मण्यांची गणितमाळ, दशमान ठोकळे, दोन पारड्यांचा तराजू, फासे, खेळातील नोटा आणि नाणी, एक घड्याळ, जिओबोर्ड (रबर बँड ताणून आकार करायची खिळ्यांची पाटी), टॅनग्राम (आकृत्या जुळवायचे सात तुकडे), अपूर्णांकाच्या चकत्या आणि शिक्षकांसाठी एक पुस्तिका होती.

गणितमाळेपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. एका दोरीत शंभर मणी, दहा एका रंगाचे आणि पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असे आळीपाळीने ओवलेले असतात. फळ्याच्या खाली मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ती ताणून बांधली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे सोबत ठेवले की वर्षभराचे काम उभे राहते. ‘चौतीस मण्यांनंतर चिमटा लावा’ असे सांगितले की पहिल्या सत्रात मुले पहिल्या मण्यापासून एक-एक मोजत जातात, मध्येच चुकतात आणि पुन्हा सुरुवातीला येतात. शिक्षकाने या वेळी घाई करून ‘दहा-दहा मोजा’ असे सांगू नये. रंग बदलतो तेथे दहा पूर्ण होतात, हे मुलांचे मुलांनाच दिसते आणि एकदा दिसले की ती दहा, वीस, तीस अशा उड्या मारून पुढचे चार मणी मोजतात. चिमटा मण्यावर न लावता दोन मण्यांच्या मध्ये लावायचा, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी काटेकोरपणे पाळावा. चिमट्याच्या डावीकडे जेवढे मणी तेवढी संख्या, हा अर्थ त्यामुळे पक्का होतो आणि पुढे संख्यारेषेवर मोजताना उत्तर एकने चुकण्याचा गोंधळ टळतो.

मराठीतील संख्यानामे लहान मुलांना जड जातात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दोन आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला होता. माळेसमोर उभे राहिल्यावर त्या वादाची धार कमी होते, कारण मूल कोणत्याही नावाने संख्या म्हणत असले तरी हात आधी दशकांवरून जातो आणि मग सुट्या मण्यांवर येतो. ‘एकोणचाळीस’वर अडणाऱ्या मुलांसाठी तर माळेसारखे दुसरे साधन मला ठाऊक नाही. आमच्या वर्गातील एका मुलीने चिमटा थेट चाळीसपर्यंत नेला, एक मणी मागे घेतला आणि म्हणाली, ‘मॅडम, मोजायची गरजच नाही, चाळीसच्या एक अलीकडे आहे ना!’ त्या दिवसापासून एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ या सगळ्या संख्या तिने त्याच रीतीने दाखवल्या आणि शेजारच्या दोघांना शिकवल्या. मुलांच्या भाषेतली ही एक अडचण या दोरीने सोडवली, एवढ्यासाठीसुद्धा मी ती विकत घ्यायला सांगेन.

माळेचा दोष एवढाच की पेटीत ती एकच मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार तीस मुलांमागे एक शिक्षक धरला, तरी तीस मुलांना एक माळ पुरत नाही. पाच-सहा मुलांच्या गटाला एक माळ हवी. सुटी माळ मिळते का, हे दुकानात आवर्जून विचारावे. न मिळाल्यास दोन रंगांचे मोठे मणी आणून आईवडिलांच्या मदतीने ओवून घ्यावे. मात्र मणी गुळगुळीत सरकणारे असावेत आणि दोरीला मण्यांच्या पलीकडे थोडी मोकळी जागा असावी, नाहीतर मोजलेले मणी बाजूला सारताच येत नाहीत.

दशमान ठोकळ्यांविषयी माझे मत संमिश्र आहे. एक सेंटिमीटरचा घन म्हणजे एकक, दहा घनांची दांडी म्हणजे दशक आणि शंभर घनांची पाटी म्हणजे शतक, ही रचना स्वच्छ आहे. मारिया मॉन्टेसरी यांच्या सोनेरी मण्यांमध्येही हाच क्रम होता: सुटा मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, त्यात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत आणि तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असे लक्ष्य आहे, आणि हे सारे ओझे शेवटी ‘दहाचा एक’ या एकाच कल्पनेवर उभे आहे. परंतु तयार दांडी ही कल्पना मुलाला आयती देते. ती दांडी दहा घनांची आहे, हे मूल आपल्या शब्दाखातर मान्य करते. त्याने ती स्वतः बांधलेली नसते आणि त्याला ती सोडताही येत नाही.

म्हणून पहिलीत मी ठोकळे बाजूला ठेवून खराट्याच्या काड्या आणि रबर बँड वापरले. दहा काड्या मोजायच्या आणि मुलाने स्वतःच गठ्ठा बांधायचा. बत्तीसमधून सात वजा करताना सुट्या काड्या दोनच आहेत हे लक्षात येते, मूल थोडा वेळ थांबते आणि मग आपणहून एक गठ्ठा सोडते. हातातील बँड सुटून काड्या बाकावर पसरतात, तेव्हा ‘दशक मोडणे’ हे वहीतले शब्द राहत नाहीत. दांडीच्या बाबतीत हेच करायला ‘बँकेत’ जाऊन दांडी देऊन दहा घन आणावे लागतात. हा व्यवहार दुसरीच्या मुलांना जमतो आणि आवडतोही, पण पहिलीच्या मुलाला तो एक वेगळाच खेळ वाटतो. पहिलीत काड्या आणि दुसरीत ठोकळे, असा क्रम ठेवल्यास पेटीतील ठोकळे वाया जात नाहीत. शिवाय ठोकळे प्रथम हाती आले की मुले घरे आणि पूल बांधतात. ते त्यांना मनसोक्त बांधू द्यावेत, कारण जिज्ञासा शमल्यानंतरच तीच वस्तू गणितासाठी हाती घेण्याची मुलांची तयारी होते.

आता तराजूकडे वळते, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. गोकुळपेठेच्या किंवा बर्डीच्या भाजीबाजारात हल्ली बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. आकडा उमटतो, पैसे दिले जातात, आणि दोन वस्तूंचे वजन परस्परांशी ताडून पाहण्याची क्रिया मुलांच्या नजरेतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्यामुळे पेटीतील साधा दोन पारड्यांचा तराजू आजच्या मुलांसाठी नवी गोष्ट आहे. आमच्या पेटीतील तराजू प्लॅस्टिकचा असूनही टिकला. दांडी मध्यावर नीट समतोल राहते आणि पारडी काढून धुता येतात. घेताना रिकामी पारडी समपातळीत येतात का, एवढे तपासावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा मुलांचा पोळा, असतो आणि त्या आठवड्यात मुलांच्या डोक्यात लाकडी बैलांखेरीज दुसरे काही नसते. मी मुलांना आपापले बैल वर्गात आणायला सांगितले. प्रथम उंचीनुसार ओळ लावली, मग कोणता बैल जड असेल याचा अंदाज प्रत्येकाने सांगितला. सर्वांनी अर्थातच सर्वांत मोठ्या, चाकांच्या बैलाकडे बोट दाखवले. तो हलक्या लाकडाचा होता. दुसऱ्या पारड्यात सागवानाचा, वितीपेक्षा लहान बैल ठेवला तेव्हा ते पारडे खाली गेले आणि वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. नंतर सगळे एकदम बोलू लागले. एकाने पारडी बदलून पुन्हा तोलायला लावले, दुसऱ्याला तराजू बिघडल्याची शंका आली, तिसऱ्याने दोन्ही बैल हातांत धरून पाहिले आणि ‘हे लाकूडच भारी आहे’ असा निर्णय दिला. मोठे ते जड हा समज शब्दांनी दूर होत नाही. त्यापाठोपाठ त्याच सागवानी बैलाचे वजन चिंचोक्यांत मोजले, तेव्हा दोन गटांचे आकडे जुळले नाहीत, कारण एका गटाचे चिंचोके टपोरे होते. पुढे तेच वजन पेटीतील एकक घनांनी मोजल्यावर दोन्ही गटांचे उत्तर एक आले. सारख्या मापाची गरज का असते, हा धडा तिसरीत ग्रॅम-किलोग्रॅम शिकताना येतो. त्याची पूर्वतयारी दुसरीत अशी होऊ शकते. घन आणि तराजू एकत्र वापरण्याचा हा उपयोग पुस्तिकेत कोठेही नाही.

फासे ठीक आहेत. दोन फाशांवरचे ठिपके न मोजता ओळखणे आणि त्यांची बेरीज करणे पहिलीसाठी उत्तम आहे. परंतु चार चिंचोके मधोमध फोडून, म्हणजे एक बाजू पांढरी आणि एक बाजू काळी ठेवून, अष्टाचंगचा पट मांडला तर तेच काम अधिक रंगतदार होते, कारण चारही पांढरे पडले तर चंग म्हणजे चार आणि चारही काळे पडले तर अष्टा म्हणजे आठ, हे लक्षात ठेवण्यासाठी मुलांना कोणी आग्रह करावा लागत नाही. घरी आजी हा खेळ जाणते, आणि गृहपाठ म्हणून तो दिला तर घरातील मोठी माणसेही सामील होतात.

नोटा आणि नाण्यांबाबत पेटी निराश करते. आमच्या संचात दोन हजारांच्या नोटा होत्या. रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घेण्याचे १९ मे २०२३ रोजी जाहीर केले आहे, आणि आज दुसरीत असलेल्या मुलाने ती व्यवहारात पाहिलेलीही नसेल. उलट वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणे संचात नव्हते. सर्व नाणी पुठ्ठ्याची आणि जवळजवळ एकाच आकाराची आहेत, त्यामुळे हाताच्या स्पर्शाने नाणे ओळखण्याचा सराव त्यांतून होत नाही. वर्गात खरी नाणी वापरावीत. एक, दोन, पाच, दहा यांची थोडी नाणी एका डबीत ठेवणे कोणालाही परवडते.

घड्याळाचे दोन्ही काटे सुटे फिरतात, हा त्याचा मोठा दोष आहे. साडेतीन दाखवताना मुले तासकाटा नेमका तीनवर ठेवतात आणि मिनिटकाटा सहावर, आणि हे घड्याळ त्यांना तसे करू देते. खऱ्या घड्याळात मिनिटकाटा फिरतो तसा तासकाटाही सरकतो. घरात पडून असलेले जुने भिंतीवरचे घड्याळ आणावे, समोरची काच काढावी आणि मागची चावी मुलांना फिरवू द्यावी. दोन्ही काटे एकत्र चालतात आणि साडेतीनला तासकाटा तीन आणि चारच्या मध्ये का असतो, हे सांगण्याची वेळच येत नाही. पेटीतील घड्याळावर आकडेही इंग्रजी होते. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी देवनागरी अंकांच्या चिठ्ठ्या मला चिकटवाव्या लागल्या.

जिओबोर्डच्या खिळ्यांना लावायचे रबर बँड नागपूरच्या एप्रिलमध्ये टिकत नाहीत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेथे बंद कपाटात ठेवलेले रबर चिकट होऊन तुटते. लोकरीचे तुकडे बांधून काम भागवता येते. टॅनग्रामचे सात तुकडे चांगले आहेत, मुले ते तासन्‌तास जुळवतात. अपूर्णांकाच्या चकत्या मात्र पहिली-दुसरीसाठी अकाली आहेत. अर्धा आणि पाव यांची ओळख पोळीच्या घडीने होते. आंबिया बहराचे संत्रे बाजारात आले की सोलण्यापूर्वी फोडींचा अंदाज करायचा आणि मग मोजायचे, हा उपक्रम अंदाजासाठी जरूर करावा. पण फोडी सारख्या नसतात, त्यामुळे अपूर्णांक शिकवायला संत्रे घेऊ नये.

स्थानिक साहित्याचा माझा आग्रह केवळ काटकसरीसाठी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीमची कल्पना मांडली गेली, आणि वर्धा आपल्या उंबरठ्यावर आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधने गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचणार नाहीत हे ओळखून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी परिसरातील वस्तूंतून साधने घडवली. ज्या वस्तू मुलाच्या घरी आहेत त्यांवर शिकलेली गोष्ट मूल घरी जाऊन पुन्हा करते. पेटीतील वस्तू संध्याकाळी कपाटात जाते. हा फरक मला वर्षभर दिसला.

पुस्तिकेविषयी थोडे कठोर लिहावे लागेल. तिची मराठी हिंदीवरून घाईने उतरवलेली आहे. पण खरी उणीव वेगळी आहे: वस्तू कशी मांडायची हे ती सांगते, मुलाला काय विचारायचे हे सांगत नाही. ‘किती झाले?’ या प्रश्नाने वस्तू हाताळली जाते. ‘तुला कसे कळले?’ या प्रश्नाने विचार सुरू होतो. शिवाय पुस्तिका वस्तूवरून थेट अंकांच्या उदाहरणावर उडी मारते. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन पायऱ्या मांडल्या होत्या, त्यातील मधली पायरी येथे गाळली गेली आहे. आमच्या वर्गात मुले गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी ठिपका काढतात, सोडलेल्या गठ्ठ्याची रेघ खोडून दहा ठिपके मांडतात आणि त्याच्या शेजारी अंकांत उदाहरण लिहितात. ‘वहीत काहीच लिहिले नाही’ ही पालकांची तक्रारही त्यामुळे उरत नाही, आणि ती तक्रार रास्त असते, कारण हातात काय घडले हे घरी पोहोचण्याचा तेवढाच एक मार्ग असतो.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. साहित्य वाटणे आणि गोळा करणे यांतच पस्तीस मिनिटांच्या तासिकेचा बराच वेळ जातो. प्रत्येक गटाला झाकणाचा एक डबा ठरवून दिला, डब्यावर आतील वस्तूंचे चित्र चिकटवले आणि गटातील एका मुलाकडे महिनाभराची जबाबदारी सोपवली की हा वेळ निम्म्यावर येतो आणि वस्तूही हरवत नाहीत. खरेदी करताना पेटीवर आयएसआय चिन्ह आहे का, ते पाहावे, कारण चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे, आणि घरात तीन वर्षांखालील भावंडे असतील तर एकक घन आणि सुटे मणी त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावेत. संपूर्ण पेटीसाठी पैसे नसतील, तर दुकानदाराला माळ आणि तराजू सुटे द्यायला सांगावे. आमच्या शेजारच्या वर्गासाठी या दोन वस्तू अशाच स्वतंत्रपणे मिळाल्या, आणि खराट्याच्या काड्या, चिंचोके आणि जुने घड्याळ मुलांनी घरूनच आणले.